मधूनच बसणारा आवाज

माझा नवा ट्यूब ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज काचेच्या ट्यूबांनी वाढवणारा ॲम्प्लिफायर, मुका होत नव्हता. त्याचा आवाज बसत होता. भरदार वाजत असलेला स्वर वाजवता वाजवताच पातळ होई, त्यातला खर्ज निघून जाई, वरच्या स्वरांची किंचित करकर तेवढी उरे, आणि मग काही वेळाने, विशेषतः सहाही तारा एकदम जोरात छेडल्या की, सगळे पूर्ववत होई. हा शेवटचा तपशील मला आधी केवळ चमत्कारिक वाटला. पुढे तोच सगळ्यात बोलका निघाला. फ्यूज उडाला, ट्यूबची काच तडकली किंवा ट्रान्सफॉर्मर जळाला, तर जोरात वाजवल्याने ते बरे होत नाही. जोराच्या आघाताने जो बिघाड पळून जातो तो बहुतेक वेळा दोन धातूंच्या स्पर्शाचा असतो, म्हणजे रोजच्या बोलण्यातला लूज कॉन्टॅक्ट. आणि धातू धातूला नुसता टेकलेला आहे अशा जागा ॲम्पमध्ये शोधायला बसले तर पुष्कळ निघतात.

नव्या वस्तूवर संशय घ्यायला मन सहसा तयार होत नाही. वीजपुरवठा वरखाली होत असेल, केबल जुनी झाली असेल, आपलेच कान थकले असतील, अशी सगळी कारणे आधी सुचतात आणि नुकताच खोक्यातून बाहेर काढलेला ॲम्प मात्र निर्दोष मानला जातो. प्रत्यक्षात यंत्रांच्या बिघाडाचे प्रमाण आयुष्याच्या दोन्ही टोकांना जास्त असते. अभियंते त्याचा जो आलेख काढतात तो सुरुवातीला उंच, मध्ये दीर्घकाळ सपाट आणि शेवटी पुन्हा चढणारा असतो. ट्यूब ॲम्पच्या बाबतीत सुरुवातीची ही उंची समजण्यासारखी आहे. काचेच्या ट्यूब सॉकेटमध्ये केवळ पिनांच्या पकडीवर उभ्या असतात आणि पुष्कळदा तशाच अवस्थेत कारखान्यापासून घरापर्यंत धक्के खात येतात. हल्लीच्या अनेक ॲम्पमध्ये ही सॉकेट थेट पीसीबीवर, म्हणजे छापील सर्किटच्या पट्टीवर, बसवलेली असतात, त्यामुळे ट्यूबची उष्णता आणि ट्यूब काढता-घालताना पडणारा जोर हे दोन्ही सॉकेटभोवतीच्या सोल्डरला, म्हणजे वितळवून दिलेल्या धातूच्या जोडांना, सोसावे लागतात. त्यात युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांमधल्या शिशावर निर्बंध आणल्यानंतर शिसेविरहित सोल्डरचा वापर जगभर पसरला. कथील आणि शिशाचे जुने मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळत असे, तर कथील, चांदी आणि तांबे यांचे आजचे प्रचलित मिश्रण २१७ अंशांच्या आसपास वितळू लागते. जोड देताना उष्णता थोडी कमी पडली की वरून धडधाकट दिसणारा पण आतून नीट न चिकटलेला ड्राय सोल्डर तयार होतो, आणि तो कारखान्यातल्या तपासणीत थंड असताना बिनबोभाट पास होऊ शकतो.

तरीही ॲम्पला हात लावण्याआधी आवाज खरोखर बसतो आहे का, याची खातरजमा करणे मला अत्यावश्यक वाटते, आणि ती कानांवर सोडून भागत नाही. ॲम्पने दिलेली शक्ती निम्मी झाली तर फरक फक्त ३ डेसिबलचा पडतो आणि तो जेमतेम जाणवतो; आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबलची घट लागते, म्हणजे शक्ती एक दशांशावर यावी लागते. हे गणित मनाशी असले की संशयितांची यादी आपोआप लहान होते. आवाज निम्मा झाला असे कोणी सांगत असेल आणि ते खरे असेल, तर एखादी ट्यूब थोडी थकली आहे या स्पष्टीकरणाने त्याचे समाधान होणार नाही. कुठेतरी मार्गच जवळजवळ तुटला आहे. दुसऱ्या बाजूला, गिटारच्या स्पीकरमधले वरचे स्वर एखाद्या झोतासारखे समोर फेकले जातात, त्यामुळे जागेवरून एक पाऊल बाजूला सरकले तरी आवाज बोथट आणि लहान वाटतो, आणि बराच वेळ मोठ्याने वाजवल्यावर कानांची संवेदना तात्पुरती कमी होते ती वेगळीच. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून पुरावा गोळा करण्याचा मोह होतो, पण बरेच मोबाइल ध्वनिमुद्रणाची पातळी स्वतःच वरखाली करतात. लहान आवाज ते वर उचलतात आणि नेमका आपल्याला हवा असलेला फरक पुसून टाकतात. पातळी हाताने ठरवून कायम ठेवता येते अशा साधनावरच हे ध्वनिमुद्रण करावे.

वाजवणारा हातही या चौकशीतून वगळावा लागतो, कारण आवाज बसणार या धास्तीने आपण नकळत जोरात किंवा हलके वाजवू लागतो. यासाठी लूपर पेडलइतके, म्हणजे वाजवलेले साठवून पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या छोट्या यंत्राइतके, चांगले साधन नाही. एक साधी सुरावट त्यात भरून ठेवली आणि तीच पुन्हा पुन्हा ॲम्पमध्ये जाऊ दिली की ॲम्पला मिळणारा सिग्नल दर फेरीला तोच राहतो, गिटार आणि गिटारची केबल परस्पर बाहेर पडतात, आणि आपण मोकळ्या हातांनी समोर बसून ऐकू शकतो. लूपर आणि त्याची केबल यांनाही संशयातून मुक्त करायचे असेल तर तीच जोडी दुसऱ्या कोणत्याही ॲम्पवर तितकाच वेळ चालवून पाहावा. गिटारचा जॅक सैल असणे, केबलच्या टोकाशी तार तुटलेली असणे, पेडलांमधली एखादी छोटी केबल दगा देणे ही कारणे खरोखर फार सामान्य आहेत. परंतु ती इतक्या स्वस्तात वगळता येतात की त्यांच्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

माझ्या ॲम्पचा आवाज लूपरवरही बसला. आता दोष ॲम्पच्या आतच होता, आणि आतला मार्ग लांबलचक असतो. गिटारचा सिग्नल इनपुटच्या जॅकमधून पहिल्या प्रीॲम्प ट्यूबमध्ये, म्हणजे सिग्नल प्रथम वाढवणाऱ्या ट्यूबमध्ये, जातो, तिथून गेन (सिग्नल किती वाढवायचा ते), टोन आणि व्हॉल्यूमच्या बटणांमधून पुढच्या ट्यूबांकडे, मग इफेक्ट्स लूप, म्हणजे बाहेरची पेडल मध्येच जोडण्याची सोय, असेल तर सेंडमधून बाहेर आणि रिटर्नमधून आत, त्यानंतर सिग्नलच्या दोन परस्परविरुद्ध प्रती करणाऱ्या फेज इन्व्हर्टरमध्ये, मग स्पीकर हलवण्याची शक्ती देणाऱ्या पॉवर ट्यूबांमध्ये, आणि अखेर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरपर्यंत. या साखळीतली कडी शोधण्यासाठी पहिल्या टोकापासून एकेक तपासत जाणारे लोक मी पाहिले आहेत. त्यापेक्षा मध्यावर उभे राहून दोष अलीकडे आहे की पलीकडे एवढेच विचारावे आणि उरलेल्या अर्ध्याला पुन्हा मध्यावर तोडावे.

असा प्रश्न विचारायला मापकयंत्र हवेच असे नाही, कारण ट्यूब ॲम्पमध्ये एक साक्षीदार सतत बोलत असतो, तो म्हणजे त्याची स्वतःची हिस. इनपुटला काहीही न जोडता गेन आणि मास्टर व्हॉल्यूम वर नेले की जी बारीक वाऱ्यासारखी सळसळ ऐकू येते, तिचा मोठा भाग पहिल्या ट्यूबच्या टप्प्यात जन्मतो आणि पुढच्या सगळ्या टप्प्यांतून वाढत स्पीकरपर्यंत येतो. आता लूपर चालू असताना आवाज बसला आणि हिस मात्र होती तितकीच राहिली, तर दोष हिसेच्या उगमाच्या आधी आहे. म्हणजे केबल, पेडल किंवा इनपुटचा जॅक. या जॅकच्या आतही एक स्विच असतो, जो काही जोडलेले नसताना इनपुट ग्राउंडला (अर्थला) जोडून ठेवतो आणि प्लग आत गेल्यावर नीट सुटला नाही तर सिग्नललाच गिळतो. याउलट आवाजाबरोबर हिसही खाली गेली तर दोष पहिल्या ट्यूबमध्ये किंवा तिच्या पुढे आहे. मास्टर व्हॉल्यूम शून्यावर आणूनही जी हलकी खर्जातली गुणगुण उरते, ती मुख्यतः पॉवरच्या बाजूची असते. तीही त्याच क्षणी बदलली तर संशय पॉवर ट्यूब, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि त्यांच्यामधल्या जोडांवर जातो. माझ्याकडे हिस आवाजाबरोबर खाली जात होती आणि गुणगुण तशीच राहत होती. स्क्रूड्रायव्हर हातात न घेता अर्ध्याहून अधिक ॲम्प संशयातून बाहेर पडला होता.

ट्यूब बदला, असा सल्ला या टप्प्यावर सगळीकडून मिळतो. त्याला इतिहासाचे पाठबळ आहे: अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये ट्यूबमध्ये तिसरा धातुभाग बसवला तेव्हापासून ती झिजणारी वस्तू आहे, म्हणूनच तिला सोल्डर न करता सॉकेटमध्ये खोचण्याची सोय रूढ झाली. १९४६ मध्ये लोकांसमोर आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० ट्यूब होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा ट्यूब यंत्र तापताना किंवा थंड होताना निकामी होत, असे आढळल्याने ते यंत्र शक्यतो बंदच करत नसत. ट्यूबमधला मधूनच येणारा बिघाड असाच उष्णतेशी बांधलेला असतो. तापून प्रसरण पावलेल्या हीटरचा आतला जोड सुटतो, ट्यूब विझते, थंड झाल्यावर जोड पुन्हा टेकतो आणि ती पेटते. हे चक्र काही मिनिटांच्या अंतराने चालू राहते आणि अंधारात डोळ्यांनी पाहता येते. मात्र दोन सारख्या ट्यूबांचा उजेड मुळातच कमीजास्त असू शकतो, त्यामुळे मंद दिसते म्हणून ट्यूब दोषी ठरवू नये; उजेड जातो आणि येतो का, तेवढेच पाहावे.

ट्यूब बदलण्याची शहानिशाही करता येते, पण एका वेळी एकच ट्यूब बदलावी, तीही ॲम्प बंद करून पूर्ण थंड झाल्यावर, आणि खात्रीच्या चांगल्या ट्यूबने. प्रीॲम्पमध्ये बहुधा १२एएक्स७ असतात, ज्यांना युरोपात ईसीसी८३ म्हणतात, आणि त्या आपसांत बदलता येतात. पॉवर ट्यूबांचे तसे नाही. ईएल३४, ६एल६ किंवा ईएल८४ यांपैकी ज्या असतील त्या जुळवलेल्या जोडीने बदलाव्या लागतात आणि पुष्कळ ॲम्पमध्ये त्यानंतर बायस, म्हणजे ट्यूबमधून स्वर नसतानाही वाहणाऱ्या प्रवाहाची जुळणी, तपासावा लागतो. दोन पॉवर ट्यूब आळीपाळीने भार उचलत असतील आणि त्यांतली एक मधूनच काम सोडत असेल, तर आवाज फाटका आणि दुबळा होतो आणि गुणगुण ठळक वाढते, कारण दोघी मिळून एकमेकींची गुणगुण खोडत असतात. माझ्या ॲम्पमध्ये गुणगुण ढिम्म होती, तेव्हा पॉवर ट्यूबांना हात लावायचे कारण नव्हते. पॉवर ट्यूबच्या आतला धातूचा पत्रा लालबुंद दिसला तर मात्र कसलीही परीक्षा न करता ॲम्प त्याच क्षणी बंद करावा.

सगळ्या ट्यूब एकदम बदलण्याला माझा विरोध खर्चामुळे नाही. ट्यूब उपसून पुन्हा बसवण्याच्या क्रियेतच सॉकेटचे कॉन्टॅक्ट घासले जातात, त्यांच्यावरचा थर निघतो आणि दोष नाहीसा होतो. मग नव्या ट्यूबला श्रेय मिळते, जुनी विनाकारण बदनाम होते आणि थर पुन्हा जमला की तोच आवाज तसाच बसतो. मधूनच येणाऱ्या बिघाडाशी झगडताना शोध घेण्याची कृतीच उपचार होऊन बसते, ही या कामातली सर्वांत त्रासदायक गोष्ट आहे. म्हणून बिघाड चालू असेल त्या क्षणी आधी फक्त ऐकावे, कुठलेही बटण फिरवू नये, प्लग हलवू नये, ॲम्पवर थाप मारू नये. आपली पहिली प्रतिक्रिया नेमकी याच्या उलट असते.

हिसेने उरवलेल्या टापूत प्रीॲम्पच्या ट्यूब, फेज इन्व्हर्टर आणि इफेक्ट्स लूप एवढेच होते. ट्यूबांवर ॲम्प चालू असताना लाकडी पेन्सिलीने हलकेच टकटक केली. एका ट्यूबमधून जरासा टणत्कार ऐकू आला, जो बऱ्याचशा प्रीॲम्प ट्यूबांमध्ये असतोच, पण आवाज बसला नाही किंवा बसलेला आवाज उठलाही नाही. राहिला तो लूप, आणि जो भाग मी कधी वापरलाच नव्हता तो आवाजाच्या आड येत असेल, हे पटायला थोडा वेळ लागतो. रिटर्नच्या जॅकमध्ये धातूची एक लवचिक पट्टी असते. लूपमध्ये काही जोडलेले नसते तेव्हा ही पट्टी आतल्या कॉन्टॅक्टला टेकलेली असते आणि सेंडकडून आलेला सिग्नल तिच्यावरूनच पॉवरच्या बाजूकडे जातो; रिटर्नमध्ये प्लग घातला की ती पट्टी उचलली जाते. म्हणजे लूप न वापरणाऱ्याच्या गिटारचा प्रत्येक स्वर त्या एका बारीक स्पर्शावरून जातो. न वापरलेला जॅक घासलाही जात नाही, त्यामुळे त्या स्पर्शाच्या जागी हवेने, दमटपणाने किंवा कारखान्यात सोल्डर करताना वापरलेल्या फ्लक्सच्या उरलेल्या अंशाने थर जमला तर तो निघण्याची संधीच येत नाही. तिथे सिग्नल दुबळा असतो, त्या थराला छेदण्याइतका जोर त्यात नेहमी नसतो. सहाही तारा जोरात छेडल्या की सिग्नलचा व्होल्टेज वाढतो, थर छेदला जातो, शिवाय स्पीकरच्या हादऱ्याने पट्टीही किंचित सरकते, आणि आवाज उठतो. खर्ज नाहीसा होऊन वरची करकर उरणे हेही याच्याशी जुळते: स्पर्श तुटला तरी पट्टी आणि कॉन्टॅक्ट यांच्यामधल्या फटीतून वरचे स्वर थोडेफार झिरपत राहतात.

लूपची परीक्षा प्रसिद्ध आहे. सेंड आणि रिटर्न यांच्यामध्ये एक छोटी, चांगली केबल लावायची. ती आतल्या पट्टीला वळसा घालून सिग्नल पुढे नेते. लूप सिग्नलच्या मार्गात सलग असेल तरच हे लागू पडते. काही ॲम्पमध्ये लूप समांतर असतो, काहींमध्ये तो पूर्ण वगळण्याचे बटण असते, तेव्हा आपल्या ॲम्पचे माहितीपत्रक आधी वाचावे. केबल लावताच आवाज परतला म्हणून मात्र निकाल लागत नाही, कारण प्लग आत जाताना पट्टी घासली गेलीच. म्हणून मी लूपर चालू ठेवून केबलसह ॲम्प पुरेसा तापू दिला आणि आवाज एकदाही बसला नाही. मग केबल काढली आणि पुन्हा तितकाच तापू दिला. घासल्या गेलेल्या पट्टीने बराच काळ इमानदारी दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी हिस खाली गेली. केबल परत लावली, हिस वर आली. दोष केबलच्या असण्या-नसण्याबरोबर येतो आणि जातो, हे दोन्ही दिशांनी दिसल्याशिवाय मी कुठल्याही भागाचे नाव घ्यायला तयार नव्हतो.

हिसेने दाखवलेल्या जागी लूप नसता, तर पुढचा रस्ता ॲम्पच्या आत जातो आणि तिथे काय काय असू शकते हे ठाऊक असणे उपयोगाचे आहे. १२एएक्स७ च्या एका नेहमीच्या टप्प्यात १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर, १.५ किलोओहमचा कॅथोड रेझिस्टर आणि त्याला समांतर जोडलेला २२ किंवा २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. हा टप्पा सिग्नल सुमारे ६० पटींनी वाढवतो. त्या कपॅसिटरचा एक पाय सोल्डरमधून सुटला तर वाढ साधारण ३० पटींवर येते, म्हणजे ६ डेसिबलची घट, आणि तो टेकला की पुन्हा पूर्ववत. थंड असताना ठीक आणि तापल्यावर सुटणारा जोड उष्णतेचा, तर ठरावीक स्वराला सुटणारा जोड हादऱ्याचा, असा ढोबळ भेद करता येतो. स्पीकर आणि ॲम्प एकाच पेटीत असतील तर ॲम्प बंद करून, योग्य ओहमचा वेगळा स्पीकर कॅबिनेट स्पीकरच्याच केबलने जोडावा आणि दूर ठेवावा. हादरा गेला की दोषही गेला, तर उत्तराची दिशा कळते. स्पीकर काढून ॲम्प तसाच चालवणे हा मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरला मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे, आणि स्पीकरसाठी गिटारची बारीक केबल वापरणेही त्याच धोक्याला आमंत्रण आहे.

मी आतले पत्रे उघडले नाहीत. ट्यूब ॲम्पमध्ये ३०० ते ५०० व्होल्ट सर्रास असतात आणि प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर ते काही काळ धरून ठेवतात. ते सुरक्षितपणे उतरवण्याचे आणि उतरले हे मोजून पाहण्याचे शिक्षण ज्याला नाही त्याने तिथे बोट घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय ॲम्प नवा होता, वॉरंटीत होता. केबल कायमची लावून ठेवूनही काम चालले असते, आणि पुष्कळ जण तसेच करतात. जुन्या ॲम्पसाठी तो चांगला उपाय आहे, नव्या ॲम्पसाठी मला तो मान्य नव्हता.

दुरुस्तीला पाठवताना एक छोटी चिठ्ठी सोबत दिली. मधूनच आवाज जातो एवढेच लिहिले असते तर दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर ॲम्प अर्धा तास सुरेल वाजला असता आणि काही दोष आढळला नाही असा शेरा घेऊन परत आला असता. म्हणून गेन आणि मास्टर कुठे ठेवले होते, इनपुटला काही न जोडताही हिस खाली जाते ती कशी ऐकावी, गुणगुण बदलत नाही, लूपमध्ये केबल असताना दोष येत नाही आणि काढल्यावर येतो पण लगेच येत नाही, आणि म्हणून आल्याआल्या त्या जॅकमध्ये प्लग घालू नये, एवढे क्रमाने लिहिले. रिटर्नचा जॅक बदलला गेला आणि शेजारच्या सॉकेटचे सोल्डर पुन्हा तापवून घट्ट केले गेले. ॲम्प परत आल्यावर त्याच गेनवर, त्याच लूपरसह, लूपमध्ये केबल न लावता, पूर्वी दोष यायला जेवढा वेळ लागे त्याहून बराच अधिक वेळ चालवला. हिस खाली आली नाही. ट्यूब आजही खोक्यातून आल्या होत्या त्याच आहेत, तो जरासा टणत्कार करणारीसुद्धा.